अगाधाची पुजारीण

अपूर्वच्या पोटात असा आवाज आहे हे मला लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर कळलं, आणि तेही तो दुसऱ्या बाईसाठी बाहेर पडला तेव्हा. बाई कसली, तेवीस वर्षांची पोरगी. ओढणीनं तोंड बांधून कामठीहून उन्हातून आलेली, आल्या आल्या तांब्याभर पाणी उभ्यानं गटागटा प्यायलेली. रविवारची दुपार होती. अनिशच्या मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये कूलर घरघरत होता, टेबलावर नकाशा पसरला होता, मधोमध चिवड्याची थाळी होती. त्या पोरीनं आमच्या देवाला एक प्रश्न विचारला आणि देवानं उत्तर दिलं. सहा वर्षांत जो माझ्याशी एक अक्षर बोलला नव्हता, तो तिच्याशी पहिल्याच दिवशी बोलला. देवाचा आवाज माझ्या नवऱ्याच्या तोंडून आला. जाड, संथ, आधी छातीत घोळवून मग सोडलेला. मी तोंडात टाकायला उचललेला चिवडा परत थाळीत ठेवला.

हे नीट सांगायला हवं, नाहीतर कुणाला वाटायचं आम्ही रविवारी अंगात आणायचा धंदा करतो. आम्ही एक खेळ खेळतो. फासे, नकाशा, पेन्सिली आणि बोलणं, बस. अपूर्व सूत्रधार. त्या जगातली बेटं, वादळं, चाचे, राजे सगळं तो सांगतो. बाकीच्यांनी त्या जगातलं एकेक माणूस व्हायचं आणि आपण काय केलं ते बोलायचं. जमलं की फसलं ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. अनिश दातांचा डॉक्टर, अपूर्वचा कॉलेजपासूनचा दोस्त. खेळात तो गलबतावरचा एक बढाईखोर तांडेल आहे आणि खेळाबाहेरही फारसा वेगळा नाही. मी पुजारीण. समुद्राच्या तळाशी अगाध नावाचा एक अजस्र प्राणी राहतो. त्यानं कूस बदलली की किनाऱ्यावरची गावं बुडतात, म्हणून काही लोक त्याला पुजतात. एवढंच अपूर्वनं पहिल्या रविवारी सांगितलं होतं. बाकी सगळं माझं. अगाधाची एकशे आठ नावं मी रचली. भरतीच्या वेळी पुजाऱ्यांनी कमरेइतक्या पाण्यात उभं राहायचं, ओहोटीला कुणी शिजवलेलं खायचं नाही, नव्या पुजाऱ्याचे केस कुणी आणि कुठल्या शिंपल्यानं कापायचे, हे मी वहीत लिहून काढलं. नागपुरात समुद्र कुठून आणणार? म्हणून अनिशच्या स्वयंपाकघरातला एक छोटा स्टीलचा गंज, म्हणजे पातेलं, टेबलावर आला, त्यात पाणी आणि मूठभर खडेमीठ. त्यात बोटं बुडवून जे तोंडातून निघेल ते अगाधाशी बोललेलं. ते मागे घेता येत नाही. पुजाऱ्यानं एखादी गोष्ट अर्पण केली आणि अगाधानं ती घेतली, तर त्यानं पुजाऱ्याचं एक मागणं पुरवायचं, असाही नियम मी लिहिला होता. तो कधी वापरावा लागला नाही. मी अर्पण पुष्कळ केलं, पण अगाध काही बोलायचाच नाही. मी बोटं बुडवून स्तोत्र म्हणायची, अपूर्व खाली मान घालून ऐकायचा, मग दोन क्षण थांबून म्हणायचा, 'लाट आली आणि गेली.' मला ते फार आवडायचं. मुका देव आणि त्याची निष्ठावंत पुजारीण. मला वाटायचं, हे आम्हा दोघांचं आहे.

आमच्या घरी देवाकडे मागत नसत. माझे बाबा, दत्तोपंत, सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. साडेनऊला सायकल काढायच्या आधी दीड तास पूजा. सोवळं नेसून बसले की आईसुद्धा त्यांना हाक मारायची नाही. दहावीच्या निकालाच्या दिवशी मी देवघरासमोर हात जोडून काहीतरी पुटपुटत होते, तर त्यांनी पळी खाली ठेवली आणि विचारलं, 'काय मागून राहिलीस?' मी हात खाली घेतले. 'मागणारे बाहेर रांगेत असतात, भैरवी. आपण आतले.' हे वाक्य मला तेव्हा इतकं भारी वाटलं की मी ते आयुष्यभर अंगावर घालून फिरले. आतल्या माणसानं मागायचं नसतं, विचारायचंही नसतं. फक्त सगळं वेळेवर आणि बिनचूक करायचं. सासरी आले तेव्हाही मी तशीच आले. अपूर्व मुळात कमी बोलणारा. त्याच्या आईनं मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, 'हा असाच आहे वं, घुम्या. याच्या मनातलं विचारल्याबिगर समजत नाही.' मी मनात म्हटलं, मला विचारावं लागणार नाही, मी न विचारता ओळखीन. चहात साखर किती, कुठला शर्ट कधी, डोकं दुखत असलं की तो चष्मा कसा वर सरकवतो. सगळं पाठ. दोन वर्षांपूर्वी त्याची आई गेली. घाटावरून आला, बाथरूममध्ये शिरला, अर्ध्या तासानं ओल्या केसांनी बाहेर येऊन खुर्चीवर बसला. मी त्याच्यासमोर चहा ठेवला. तेरा दिवस ठेवत राहिले, न मागता, वेळेवर. कसा आहेस, एवढं मात्र विचारलं नाही. विचारणं मला उथळपणाचं वाटलं. तोही काही बोलला नाही आणि मी त्यालाच आमच्यातलं खोल काहीतरी समजत राहिले.

गोपिकाला अनिशनं आणलं. त्याच्या दवाखान्याशेजारच्या लॅबमध्ये ती दात बनवते, म्हणजे कवळ्या, कॅप, असलं. वडील रुपराव, कामठीच्या पलीकडे त्यांची शेती. 'हिला कहाण्या सांगायचा लय शौक आहे यार, बसू दे एक दिवस,' अनिश म्हणाला. मी मोठ्या मनानं म्हटलं, बसू दे. वर मीच तिला खेळातल्या माझ्या मठातली नवी शिष्या केलं. वाटलं, मला एक चेली मिळेल, मी तिला एकशे आठ नावं शिकवीन. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो दांडा मी स्वतःच तासला. तिला नियम सांगितले, गंज दाखवला. ती लक्ष देऊन ऐकत होती, मान डोलवत होती. मग तिनं बोटं पाण्यात घातली. मला वाटलं, पहिलं नाव म्हणेल. ती गंजात वाकून बघत, शेजारच्या आजोबांशी बोलावं तशी म्हणाली, 'काहो, तुमाले करमते का तिथं खाली? एकटेच राहता नं?' अनिश फिस्सकन हसला. मीही हसणार होते. तेवढ्यात अपूर्वनं पेन्सिल खाली ठेवली, डोळे मिटले, आणि तो आवाज आला. 'नाही. नाही करमत.'

घरी परतताना मी स्कूटरवर त्याच्या मागे बसले होते. वर्धा रोडवर ऊन उतरलं तरी डांबर तापलेलं होतं, वरून मेट्रो गेली. छत्रपती चौकाच्या सिग्नलला मी हसत हसत म्हणाले, 'अगाध बोलायला लागला की आज.' तो म्हणाला, 'हो.' मी म्हटलं, 'मला वाटलं तो मुका आहे.' तो म्हणाला, 'कोणी विचारलंच नव्हतं त्याला काही.' सिग्नल सुटला. त्याच्या पाठीवर घामाचा डाग होता आणि मी प्रतापनगर येईपर्यंत त्या डागाकडे बघत राहिले. हा टोमणा होता का? अपूर्व टोमणे मारत नाही. म्हणजे ते नुसतं खरं होतं, आणि ते जास्त लागलं. घरी आल्यावर मी त्याला विचारलं, 'कोणती भाजी करू?' माझ्याजवळ तेवढाच प्रश्न होता. तो म्हणाला, 'कोणतीही.' तो त्याचा घरचा आवाज होता, पातळ, घाईचा. मी भेंडी चिरत होते आणि दुसरा आवाज पुन्हा पुन्हा आठवत होते. नाही करमत. कुणाला नाही करमत? तळाशी पडलेल्या त्या धुडाला, की माझ्या समोरच्या खोलीत पंख्याखाली आडवं पडून मोबाइल बघणाऱ्या माणसाला? आणि हे त्यानं तिला का सांगितलं?

पुढच्या रविवारी मी ठरवून गेले. विचारायचं. काहीही विचारायचं, तुझं वय काय, तुला काय खायला आवडतं, काहीही. माझी पाळी आली, मी बोटं बुडवली, तोंड उघडलं आणि तोंडातून निघालं स्तोत्र. 'हे तळवासी, हे भरतीच्या धन्या.' बिनचूक, लयीत, एकही अक्षर न अडखळता. सोळा ओळी झाल्या तरी मला थांबता येईना. अपूर्वनं खाली मान घालून ऐकलं आणि म्हणाला, 'लाट आली आणि गेली.' नंतर गोपिकानं बोटं बुडवली. 'आज कसं काय हाय तब्येत?' आणि अगाध तिच्याशी दहा मिनिटं बोलला. वरून जाणाऱ्या गलबतांचे तळ त्याला ढगांसारखे दिसतात, म्हणाला. माणसं आपल्याला का घाबरतात हे त्याला अजून कळलेलं नाही, म्हणाला. आपल्याला पाय असते तर एकदा किनाऱ्यावर येऊन बसलो असतो, म्हणाला. अनिशसुद्धा चिवडा खायचा थांबला होता. मी ऐकत होते आणि माझ्या पोटात कळ येत होती, खरोखरची, जेवणानंतर येते तशी. जळणं म्हणतात ते छातीत होत असेल इतरांना. मला पोटात होतं. आयत्या बिळावर नागोबा! मठ माझा, गंज माझा, मीठसुद्धा मी घरून पुडीत बांधून आणते, आणि गप्पा हिच्या. बरं, ती त्याला अपूर्वदादा म्हणायची. मला ताई म्हणायची. वाकडं काही बघायलाच सापडत नव्हतं, याचाही मला राग आला. नवऱ्याचा दुसऱ्या बाईवर डोळा असता तर मला काय करायचं ते माहीत होतं. चार बायका पाठीशी उभ्या राहिल्या असत्या. पण नवरा एका पोरीशी समुद्राच्या तळातून बोलतो, ही तक्रार कुठल्या तोंडानं आणि कुणाकडे करायची?

तिसऱ्या का चौथ्या रविवारी तिनं डब्यातून काहीतरी काढून नकाशावर ठेवलं. कवळ्या बनवतात त्या गुलाबी मेणाचा अगाध. बोटभर लांबीचा, पाठीवर खवले एकेक कोरलेले, तोंड जरा उघडं आणि आत दात. दात मात्र फार सुंदर होते, धंद्याचेच. 'लंच टाइममधी बनवला,' ती म्हणाली. अपूर्वनं तो तळहातावर घेतला आणि कितीतरी वेळ बघत बसला. मग त्याच्या पाठीवरून अंगठा फिरवला. मी सहा वर्षांत वहीची एकशे चाळीस पानं भरली होती; त्यानं ती वाचली होती, 'छान' म्हणाला होता. त्याच दिवशी गोपिकानं अगाधाला विचारलं, तुमची आई कुठं हाय? मी अपूर्वकडे बघितलंच नाही. मी गंजाकडे बघत राहिले. तो आवाज आला, नेहमीपेक्षाही हळू. 'होती. माझ्याहून मोठी होती. ती गेली तेव्हापासून पाणी थंड आहे. मी कुणाला सांगितलं नाही. कुणी विचारलं नाही.' गोपिका म्हणाली, 'अगाई.' बस एवढंच. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि त्याच वेळी मला रडू आलं, आणि दोन्ही गोष्टी चेहऱ्यावर दिसू नयेत म्हणून मी उठून स्वयंपाकघरात जाऊन फ्रीज उघडून उभी राहिले. तेरा दिवसांचे चहा. ते त्याच्या हिशेबी कुठेच नव्हते. त्या संध्याकाळी घरी मी त्याच्या शेजारी बसले आणि म्हणाले, 'अपूर्व.' तो म्हणाला, 'काय?' आणि मी म्हणाले, 'काही नाही.' ही माझी हिंमत.

त्यानंतरचा रविवार मे महिन्याचा मधला. जेवणं झाली आणि अडीचला लाइट गेली. कूलर बंद पडला तशी खोली एकदम चिडीचूप झाली, आणि पाच मिनिटांत भट्टी. अनिशनं खिडक्यांना ओली चादर लावली, आम्ही वह्यांनी वारा घेत खेळत राहिलो. खेळात आम्ही सगळे माझ्या मठात होतो, बाहेर भरती चढत होती, आणि अगाध पहिल्यांदाच किनाऱ्याजवळ आला होता. गोपिकाला भेटायला. तिनं त्याला विचारलं होतं ना, येता का? म्हणून. अपूर्व सांगत होता की पाणी कसं काळं होत चाललंय, पायऱ्या कशा एकेक बुडतायत, आणि सांगताना तो तिच्याकडेच बघत होता. माझं सगळं अंग घामानं चिकट झालं होतं. गंजातलं पाणी तेवढं गार होतं, म्हणून मी बोटं त्यात घातली. असं मी स्वतःला सांगते. गार होतं म्हणून. समोर गोपिका कोपरं टेबलावर टेकून म्हणत होती, 'या, या, बसा, किती दुरून आले,' आणि अपूर्वच्या ओठावर मी कधी न पाहिलेलं हसू येत होतं. माझ्या तोंडून निघालं, 'घेऊन जा हिला. घेऊन जा एकदाची.'

कूलर चालू असता तर कुणालाही ऐकू गेलं नसतं.

अनिशनं आधी माझ्याकडे बघितलं, मग गंजाकडे. 'वहिनी, बोटं पाण्यात आहेत तुमची.' मी बोटं काढली. टेबलावर चार थेंब पडले. 'अरे मी आपली गरमी होऊन राहिली म्हणून,' मी म्हणाले, आणि माझंच मला इतकं खोटं वाटलं की वाक्य अर्धंच राहिलं. 'सोडून दे यार, अपूर्व,' अनिश म्हणाला, 'गमतीत म्हटलं त्यांनी.' अपूर्व माझ्याकडे बघत होता. रागानं नाही. किती दिवसांनी तो माझ्याकडे इतका वेळ बघत होता! मागे घेता येत नाही हा नियम माझाच, माझ्या अक्षरात, पहिल्या पानावर. तरी त्याच्या एका शब्दावर तो मोडता आला असता. त्यानं डोळे मिटले. मला कळलं की आता तो येणार, आणि मला लाज वाटायच्या आधी, भीती वाटायच्या आधी, आनंद झाला. तो आवाज माझ्या दिशेनं येत होता. 'ऐकलं,' अगाध म्हणाला. 'सहा वर्षांत पहिल्यांदा मागितलंस.' मग त्यानं सांगितलं, लाट कशी आली आणि पायरीवर बसलेल्या शिष्येला कशी अलगद उचलून घेऊन गेली. तिला दुखलं नाही, असंही सांगितलं.

गोपिका हातातल्या कागदाकडे बघत होती, ज्यावर तिच्या शिष्येचं नाव, बळ, गुण लिहिलेले होते. तिनं तो नीट घडी करून गंजाशेजारी ठेवला. 'ताई,' ती म्हणाली, 'मी जास्त बोलून राहिली असंन तं मलेच सांगायचं होतं नं. मी चुप बसली असती.' काही आवाज चढवून नाही. मला तिनं भांडायला हवं होतं. मग तीच जरा हसली आणि म्हणाली, 'पण तुमी मले अर्पण केलं, त्यानं घेतलं, तं आता तुमाले एक मागणं हाय नं? वहीत लिहेल हाय. मागा नं मले वापस.' तिनं वही वाचली होती. सगळी. अनिश टेबलावर थाप मारून म्हणाला, 'अरे हो! मामला खतम. वहिनी, मागा पटकन.' तिघंही माझ्याकडे बघू लागले. सोपं होतं. चांगल्या बाईनं काय मागावं हे टेबलावर मांडून ठेवलेलं होतं, उचलायचं फक्त. अपूर्व अजून डोळे मिटूनच होता. 'आणखी काय हवं?' अगाधानं विचारलं. मला विचारलं. मी बोटं बुडवली. या वेळी गरमीचा काही संबंध नव्हता.

'घरीही माझ्याशी याच आवाजात बोल,' मी म्हणाले.

ओल्या चादरीतून पाणी ठिबकत होतं ते ऐकू येत होतं. अनिशनं मान फिरवली. गोपिकाचं हसू चेहऱ्यावर राहिलं, पण तिचे डोळे खाली गेले, आणि तेवढ्यात मला कळलं की मी तिला दोनदा बुडवलं. अपूर्वनं डोळे उघडले. चष्मा वर सरकवला. 'ते नाही जमणार, भैरवी,' तो म्हणाला, त्याच्या घरच्या आवाजात. मग जरा थांबून, 'तू विचारशील तेव्हा बघू,' असंही म्हणाला असेल, किंवा मला तसं ऐकायचं असेल. कारण त्याच वेळी लाइट आली आणि कूलर सुरू झाला.

खेळ तिथंच संपला. अनिश म्हणाला, दुसरी कोणी बनव, तांडेलाची बहीण बनव, मस्त होईल. गोपिका म्हणाली, 'नाही सर, मले तेच पोरगी आवडत होती. पाहीन मी मंग.' तिनं ओढणी डोक्याला गुंडाळली, बाटली भरून घेतली, बर्डीहून कामठीची बस लवकर मिळेल म्हणाली. जाताना माझ्याजवळ येऊन 'येतो ताई' म्हणाली, आणि मी 'सांभाळून जा' म्हटलं, जसं कुणीही म्हणतं. मेणाचा अगाध नकाशावरच राहिला. ती विसरली की मुद्दाम ठेवून गेली, कळलं नाही. अपूर्व उठला, चपला घातल्या. 'हिला ऑटोपर्यंत सोडून येतो,' तो म्हणाला. कुणाला उद्देशून, तेही कळलं नाही.

मी गॅलरीत गेले. कठड्याला हात लावला तर चटका बसला. चार मजले खाली गेटजवळ ती दोघं उभी होती, लिंबाच्या सावलीत. ऑटो येत नव्हती. ती काहीतरी म्हणाली, हातवारे करून. मग अपूर्व बोलायला लागला. बराच वेळ बोलला. त्याचा हात छातीशी होता, मान जरा खाली. मी कठड्यावरून वाकले, जितकं वाकता येईल तितकं, पण कूलरची घरघर माझ्या मागेच होती, आणि तो तिच्याशी कोणत्या आवाजात बोलतोय ते मला ऐकू येत नव्हतं.